ताकामात्सुचं ‘सेल्फ’ उदोन आणि माझ्या हातातला झारा

दुकानाचं नाव लिहीत नाही. चांगलं पुष्कळ लिहायचंय, पण दोन-तीन तक्रारीही आहेत, आणि पहाटे उठून कणीक मळणाऱ्या माणसाच्या पोटावर माझ्यामुळे पाय नको. जपानमधल्या ताकामात्सुत कवारामाची स्टेशनातून बाहेर पडून दहाएक मिनिटं चाललं की एका गल्लीत विटका निळा पडदा लटकलेला दिसतो, एवढी खूण पुरे. असे पडदे त्या गावात पावलोपावली आहेत. त्यामुळे तुम्ही चुकून शेजारच्या दुकानात शिरलात तरी मी लिहितेय त्यातलं निम्मंअधिक तिथेही लागू पडेल.

मी राहते ओकायामाला. समोर समुद्र, पलीकडे शिकोकु बेट आणि त्यातला कागावा प्रांत, म्हणजे जुना सानुकी. १९८८ साली सेतो ओहाशी पूल झाल्यापासून या समुद्रावरून रेल्वे जाते. मरीन लायनर गाडीत बसलं की तासाभरात ताकामात्सु. एका बाजूचं तिकीट दीड हजार येनच्या वर, आणि एवढं करून मी तिथे खाते काय, तर ३२० येनचं उदोन. नवरा दर वेळी विचारतो, हे गणित तुला कुठल्या मास्तरांनी शिकवलं? त्याला एकदा बरोबर नेलं. आता विचारत नाही, डबा घेऊन येशील का विचारतो. डबा आणत नाही. का ते पुढे येईलच.

उदोन म्हणजे गव्हाच्या जाड, पांढऱ्या, चौकोनी काठाच्या शेवया. जपानभर मिळतात, पण कागावाने त्यांचं वेडच घेतलंय. हा जपानमधला आकाराने सगळ्यात लहान प्रांत, आणि २०११ पासून स्वतःची जाहिरातच ‘उदोन-केन’, म्हणजे उदोन प्रांत, अशी करतो. कारण साधं आहे. दोन्ही बाजूंना डोंगर, मधे हा पट्टा, पाऊस बेताचा. भाताला पाणी पुरायचं नाही म्हणून जागोजाग तळी खोदलेली. त्यातलं मान्नो नावाचं मोठं तळं ८२१ साली कुकाई या बौद्ध भिक्षूने दुरुस्त करवून घेतलं. हा कुकाई इथलाच, आणि चीनहून येताना उदोनची विद्या त्यानेच आणली असं इथली माणसं सांगतात. ती दंतकथा म्हणून सोडून दिली तरी बाकीचा हिशोब पटतो. भात निघाल्यावर त्याच शेतात गहू, किनाऱ्यावर मिठागरं, शोदोशिमा बेटावर सोया सॉस, इबुकी बेटावर बारीक मासे उकडून सुकवायचा धंदा. पीठ, मीठ, सॉस, सुकी मासळी सगळं हाताशी. मग दुसरं काय करणार?

कागावात उदोनची दुकानं ढोबळमानाने तीन तऱ्हांची. टेबलावर आणून देणारी, मुळात शेवयांचा कारखाना असून कोपऱ्यात दोन बाकं टाकलेली, आणि ‘सेल्फ’. मी लिहितेय ते सेल्फबद्दल. वाढपी नसतो म्हणून स्वस्त, एवढीच माझी सेल्फची समजूत होती. ट्रे घ्या, पैसे द्या, बसा. पहिल्या फेरीत ही समजूत चांगलीच महागात पडली.

फेब्रुवारी होता, बारा वाजून गेलेले. ऑफिसांची जेवणाची सुटी, त्यामुळे रांग पडद्याबाहेर आलेली. घाबरू नका, ही रांग चालते. माणूस आत शिरल्यापासून वाडगा रिकामा करून बाहेर पडेपर्यंत पंधरा मिनिटंही लागत नाहीत, कित्येक जण सात-आठ मिनिटांत मोकळे होतात. आत शिरताच वाफ. चष्मा गेला. चष्मा पुसत मी पुढे सरकले तोवर काउंटरपलीकडच्या बाईंनी मला विचारलं, “नान्तामा?”

मला ऐकू आलं ‘तामागो’. म्हणजे अंडं. मी नम्रपणे म्हटलं, “अंडं नको.” बाई थांबल्या. पुन्हा म्हणाल्या, “नान्तामा?” मीही पुन्हा, जरा जास्तच नम्रपणे, अंडं नको म्हणून सांगितलं. मागची रांग थांबली. शेवटी बाईंनी एक बोट, दोन बोटं, तीन बोटं दाखवली तेव्हा डोक्यात उजेड पडला. ‘तामा’ म्हणजे उकडून गार पाण्यात धुतलेल्या शेवयांचं एक वेटोळं. लहान वाडग्यात एक, मधल्यात दोन, मोठ्यात तीन. त्या विचारत होत्या, किती वेटोळी? पहिल्यांदा जाणाऱ्याने एक बोट दाखवावं. दोन वेटोळी म्हणजे बऱ्यापैकी भुकेल्या माणसाचं जेवण, आणि तीन मी शाळकरी बेसबॉलवाल्या पोरांखेरीज कुणाला घेताना पाहिलेलं नाही.

वाडग्यात एक वेटोळं पडलं. गार. वर रस्सा नाही, काही नाही. बाईंनी हाताने डावीकडे दाखवलं आणि त्या पुढच्या माणसाकडे वळल्या.

डावीकडे उकळत्या पाण्याची चौकोनी टाकी. तिच्या काठाला लांब दांड्याचे, खोल जाळीचे झारे अडकवलेले. यांना ‘तेबो’ म्हणतात. आपलं वेटोळं या झाऱ्यात टाकायचं, पाण्यात बुडवायचं, वर काढून झटकायचं आणि परत वाडग्यात घ्यायचं. हे गिऱ्हाइकाने करायचं. मला कुणी सांगितलेलं नव्हतं, पण पुढच्या माणसाचं बघून कळलं. कळलं नाही ते एकच, किती वेळ.

आता शेवया दिसल्या, उकळतं पाणी दिसलं, की आपला हात काय करतो? शिजू देतो. मी झारा बुडवून उभी राहिले. वर आणखी दांडा जरा तिरका धरला, त्यामुळे शेवयांची दोन टोकं जाळीवरून निसटून टाकीत पोहायला लागली. ती पकडायच्या नादात मिनिटभर तरी गेलं असेल. मागे सत्तरीचे एक आजोबा, डोक्यावर बांधकामावरची टोपी, हातात दोन वेटोळ्यांचा वाडगा. ते काही बोलले नाहीत. त्यांनी आपला झारा पाण्यात घातला, माझ्या पळालेल्या शेवया अलगद उचलून माझ्या वाडग्यात टाकल्या आणि म्हणाले, “मो इइ यो.” पुरे आता. मग स्वतःचं वेटोळं त्यांनी बुडवलं. मी मोजलं. दहा, फार तर बारा आकडे. झारा वर, मनगटाला दोन झटके, संपलं.

त्या दिवशी मी खाल्लं ते उदोन मऊ होतं. वाईट नव्हतं, पण ज्याची एवढी कीर्ती ऐकली ते हे? शेजारी आजोबा सुर्र सुर्र करत ओढत होते आणि त्यांच्या शेवया ओठांपाशी ताणल्या जाऊन टपकन आत जात होत्या. माझ्या मधेच तुटत होत्या. दुकान तेच, पीठ तेच, कढई तीच. फरक पडला होता फक्त टाकीपाशी. दुकानाने शेवया पंधराएक मिनिटं उकडून, गार पाण्यात चोळून धुऊन, वरचा चिकट थर काढून, घट्ट करून माझ्या हातात दिल्या होत्या. मी त्यांचं वाटोळं केलं. सेल्फ दुकानात स्वयंपाकाचा शेवटचा हात आपला असतो, आणि तो बिघडला तर दुकानाला बोल लावता येत नाही. हे कळल्यावर मी परतीच्या गाडीत ठरवलं, पुन्हा यायचं.

त्या घट्टपणाला इथे ‘कोशी’ म्हणतात. शब्दशः कंबर. कडक शेवईला कोशी म्हणत नाहीत. दाताला आधी मऊ लागलं पाहिजे, मग आतून किंचित विरोध झाला पाहिजे, आणि मग सुटलं पाहिजे. कच्च्या शेवईत विरोध असतो पण तो पिठूळ असतो. माझ्यासारख्या मिनिटभर बुडवलेल्या शेवईत विरोधच उरत नाही. त्यावर गंमत अशी, की कागावाची मुरलेली माणसं फारसं चावतच नाहीत. घशाखाली उतरताना काय वाटतं याला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, ‘नोदोगोशी’. मी अजून चावते.

दुसरी फेरी लिहायची ती तक्रारीसाठीच. शनिवार होता, रित्सुरिन बागेत फिरून पोचेपर्यंत पावणेदोन वाजले. दुकान दोनला, किंवा शेवया संपतील तेव्हा, बंद होतं. रांग नव्हती. खूश झाले आणि तिथेच फसले. रांग नाही म्हणजे नवा घाणा उकडत नाही. वेटोळी लाकडी खोक्यात मांडून पडलेली, त्यांच्यावर कोरडेपणा आलेला. दहा सेकंद बुडवून गरम झाली, पण अंगातली कंबर गेली होती. उकडलेलं उदोन अर्ध्या तासापलीकडे ठेवायचं नाही असा दंडक चांगली दुकानं पाळतात म्हणतात. त्या दिवशी या दुकानाने तो पाळला नव्हता, हे माझं मत आहे. तेम्पुराच्या, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या तुकड्यांच्या, थाळ्यात भोपळ्याचे दोन काप आणि माशाच्या लगद्याची एक नळी, चिकुवा, तिन्ही गार, तेल वर आलेलं. पैसे मात्र पूर्ण. दुकान बंद होताना चार पैसे कमी करायला हरकत काय, असं मला वाटलं. तिथे कुणालाच तसं वाटत नव्हतं.

तेव्हा डबा का आणत नाही ते लक्षात आलंच असेल. अर्धा तास टिकत नाही ते समुद्र ओलांडून काय आणणार.

तेव्हापासून वेळेचा नियम केला. सव्वाअकरा. सकाळच्या गिऱ्हाइकांची लाट ओसरलेली, दुपारची यायची, आणि आत मोठ्या कढईत दुपारसाठीचा पहिला घाणा पडलेला. तिसऱ्या फेरीत हे जमलं आणि तेव्हा मला हे दुकान खरं दिसलं.

कढई खिडकीला लागून आहे. मालक पन्नाशीचे, दंडाला टॉवेल गुंडाळलेला. एका फळीवर कणकेचा गोळा लांब दांडक्याने लाटतात, दांडक्याभोवती गुंडाळतात, फिरवून पुन्हा लाटतात. मग घडी घालून एका यंत्रात सरकवतात, खाडखाड सुरी चालते, शेवया पडतात. मळायचं कामही यंत्रच करतं. पण गोळा विश्रांतीनंतर पुन्हा दाबायचा असतो तेव्हा तो जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जमिनीवरच्या फळीवर ठेवला आणि मालक मोजे घालून त्यावर चढले. टाचांनी, मधून बाहेर, गोल फिरत. मी पाहत राहिले. गुऱ्हाळात बैल फिरावा तसा तो माणूस दीड हात जागेत फिरत होता आणि रेडिओवर बेसबॉल चाललेलं. ही पायाने तुडवायची रीत इथे जुनी आहे. मीठ भरपूर असलेली घट्ट कणीक हाताला दाद देत नाही.

जपानमध्ये शेवयांच्या पाकिटावर ‘खरं सानुकी उदोन’ किंवा ‘नामांकित’ म्हणून लिहायचं तर नियम आहेत. कागावातच केलेलं असावं, पिठाच्या वजनाला पाणी चाळीस टक्क्यांच्या वर, मीठ तीन टक्क्यांच्या वर, कणीक किमान दोन तास मुरलेली, उकडायला साधारण पंधरा मिनिटं. दुकानाच्या वाडग्याला हा नियम लागत नाही. पण हे आकडे वाचून टाकीपाशी उभं राहिलं की कळतं, आपल्या दहा सेकंदांच्या मागे किती तास उभे आहेत.

आणि एक, ऐकून थोडा हिरमोड होईल. हे पीठ बहुतेक दुकानांत ऑस्ट्रेलियाच्या गव्हाचं असतं. त्या गव्हाची शेवई दिसायला उजळ आणि चावायला चिवट होते. कागावाने मग स्वतःचा, खास उदोनसाठी, ‘सानुकी नो युमे’ नावाचा वाण काढला. सानुकीचं स्वप्न. या दुकानात आठवड्यातून एक दिवस त्या पिठाचं करतात, वीस येन जास्त. रंगाला किंचित पिवळसर, वास गव्हाचा. मला आवडलं. ते तुटतं मात्र लवकर.

आता रांगेतला पुढचा भाग. शेवया गरम झाल्या की वाडगा घेऊन तेम्पुरापाशी यायचं. चिमट्याने आपलं आपण उचलायचं. चिकुवा-तेन, म्हणजे माशाच्या लगद्याची पोकळ नळी उभी चिरून तळलेली, ही इथली खासियत. गेसो-तेन म्हणजे स्क्विडच्या तंगड्या. रताळं, भोपळा, कांदा-गाजराची काकिआगे भजी, आणि आत पिवळं वाहतं राहिलेलं अर्धउकडं अंडं अख्खं तळलेलं. ते अंडं घ्याच. मात्र वाडग्यात फोडायचं की आधी अर्ध खायचं हा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही. पलीकडे एका भांड्यात ओदेन, म्हणजे रश्श्यात शिजणारे काडीला टोचलेले तुकडे, रटरटत असतं, त्याचे काड्या मोजून पैसे.

मग गल्ला. बाई वाडग्यात डोकावून वेटोळी मोजतात, तेम्पुरा मोजतात, आकडा सांगतात. माझा नेहमीचा आकडा ४६०: एक वेटोळं ३२०, चिकुवा १४०. नोटा घेतात पण चेहऱ्यावरून कळतं की चिल्लर दिली तर बरं. कार्ड नाही. भिंतीवर एक कागद चिकटवलेला, बसून खाल तर कर दहा टक्के, घरी न्याल तर आठ. २०१९ पासूनचा हा घोळ साऱ्या जपानभर आहे, आणि या दुकानाने दोन्हीला एकच किंमत लावून तो मिटवलाय. शहाणपणा.

पैसे दिल्यावर रस्सा. स्टीलच्या टाकीला नळ, नळाखाली वाडगा. पहिल्यांदा मी तोटी पूर्ण फिरवली आणि बाहीवर घेतला. तोटी पाव फिरवा. हा ‘दाशी’ म्हणजे इरिको, इबुकी बेटाकडच्या त्या उकडून सुकवलेल्या बारीक माशांचं पाणी, त्यात हलका सोया सॉस. दिसायला चहासारखाही नाही, त्याहून फिका. तोंडात गेल्यावर मात्र मासळी बाजाराची पहाट आठवते. मग मागून गोडवा येतो. ज्यांना सुक्या मासळीचा वासच सहन होत नाही त्यांनी इथून मागे फिरावं. ज्यांना होतो, त्यांना सांगते, हा रस्सा वाडगा तोंडाला लावून शेवटपर्यंत प्यायचा असतो, चमचा नाहीच. शेवटी नळाशेजारच्या डब्यांतून पात, किसलेलं आलं, तीळ आणि तेम्पुराचा तळलेला चुरा हवा तेवढा. चुरा फुकट. फुकट म्हणून पहिल्या दिवशी मी डोंगर केला आणि रस्सा पिठल्यासारखा झाला. एक चमचा बस.

पातीवरून आठवलं. इथे एका खेड्यातल्या दुकानाची गोष्ट सगळे सांगतात. गिऱ्हाईक म्हणालं पात संपलीय, तर मालक म्हणाले मागे शेत आहे, तोडून आणा. सेल्फ म्हणजे किती सेल्फ, ते यावरून समजून घ्या.

गरम रस्सा नको असेल तर पुष्कळ वाटा आहेत. बुक्काके म्हणजे थोडाच, पण दाट रस्सा वरून. झारू म्हणजे गार शेवया चटईवर, बुडवून खायच्या. कामाआगे म्हणजे कढईतून थेट, न धुता, गरम पाण्यासकट. आणि कामातामा, कढईतून काढलेल्या वाफाळत्या शेवयांवर कच्चं अंडं फोडायचं, सॉस घालायचा आणि धावतपळत ढवळायचं. अंडं शेवयांना चिकटून मलईसारखं होतं. अयागावा गावातल्या यामागोए नावाच्या दुकानातून ही तऱ्हा सगळीकडे गेली असं सांगतात. माझ्या दुकानातही मिळते, पण कढईत नवा घाणा असेल तेव्हाच, आणि त्यासाठी टाकीपाशी जायचं नसतं. मी हे माहीत नसताना कामातामाचा वाडगा घेऊन झाऱ्याकडे निघाले होते. बाई अक्षरशः काउंटरवरून वाकून ओरडल्या.

आता शाकाहारी मंडळींसाठी. हा भाग आईमुळे शिकले.

आई मे महिन्याच्या अखेरीस आली. पुलापलीकडे गाडीतून पिकलेल्या गव्हाची शेतं दिसली, तशी ती खिडकीला चिकटली. मासे-अंडं ती खात नाही. मी म्हटलं, तू नुसती बघ, नंतर दुसरीकडे खाऊ. ती म्हणाली, “अगं, पण यात आहे काय? पीठ, मीठ नि पाणीच ना?” बरोबर होतं तिचं. शेवयांत दुसरं काही नसतं. अडचण पुढे आहे. दाशी माशाचा, झारूचा बुडवायचा रस्सा माशाचा, बुक्काके माशाचा, इनारी सुशीची, म्हणजे पिशवीत भरलेल्या भाताची, टोफूची पिशवीसुद्धा बहुधा माशाच्या पाण्यात शिजवलेली. रताळ्याचा तेम्पुराही स्क्विडच्याच तेलात तळलेला, आणि पिठात अंडं असू शकतं. टेबलावर सोया सॉसची बाटली दिसली म्हणून फसू नका. तिच्यावर ‘दाशी-जोयु’ लिहिलं असेल तर त्यातही मासा. विचारायचं ते ‘की-जोयु’, म्हणजे निव्वळ सॉस. मी विचारलं, बाईंनी आतून दुसरी बाटली आणून दिली, कपाळावर आठी न घालता. हे मला या दुकानाबद्दल सगळ्यात आवडलेलं.

तर आईचं ताट असं: एक वेटोळं, गार. टाकीकडे जायचंच नाही. वर आलं, पात, तीळ, चार थेंब सॉस आणि लिंबाची फोड. सोबत नुसत्या मिठाचा भाताचा मुटका. तिने चॉपस्टिकने एकच शेवई उचलली, उजेडाकडे धरली, ताणली. सोडली. ती थोडी मागे आली. मग खाल्ली, आणि मग गप्प बसून सगळं संपवलं. मला वाटलं होतं ती म्हणेल अळणी आहे.

ती म्हणाली, “ही कणीक रात्रीची आहे.”

मी मालकिणीला विचारलं. गल्ल्यावरच्या बाई म्हणजे त्याच. खरंच आदल्या संध्याकाळची कणीक होती. गिऱ्हाईक थोडं होतं, बाई बाहेर आल्या, आणि मग माझ्या मोडक्यातोडक्या दुभाषेपणावर त्या दोघींचं पीठपुराण सुरू झालं. बाईंनी एक जुनी म्हण सांगितली, ‘दोसान कानरोकु जोगोहाइ’. कडक उन्हाळ्यात एक वाटी मिठाला तीन वाट्या पाणी, कडाक्याच्या थंडीत सहा, एरवी पाच. मला वाटलं आईला हे समजावून सांगायला वेळ लागेल. तिने लगेच मान डोलावली. “उन्हाळ्यात कणीक सैल पडते ना. मीठ धरून ठेवतं.” वर मला म्हणाली, विचार, एवढं मीठ मग खारट कसं लागत नाही? बाईंनी कढईकडे बोट केलं. बरंचसं उकळताना पाण्यात उतरतं. म्हणून कढईतलं पाणी सारखं बदलावं लागतं, आणि म्हणून या दुकानांना पाणी फार लागतं. पाण्याचा विषय निघताच बाईंचा आवाज बदलला. कागावाला पाणी येतं ते बरंचसं डोंगरापलीकडच्या सामेउरा धरणातून. १९९४ च्या दुष्काळात गावात तासांवर पाणी होतं, आणि २००५ साली धरणाचा साठा शून्यावर गेला. तेव्हा कढईतलं पाणी ओतताना हात थरथरायचा, म्हणाल्या.

निघताना बाईंनी आईला जुलैच्या २ तारखेला या म्हणून सांगितलं. तो दिवस, हांगेशो, इथे उदोनचा दिवस म्हणून पाळतात. शेवया करणाऱ्यांच्या संघटनेने १९८० मध्ये तो ठरवला. पण मूळ चाल जुनी, लावणी उरकली की हात लावायला आलेल्यांना नव्या गव्हाचं उदोन घालायचं. आईचं परतीचं तिकीट २८ जूनचं होतं. तिने ते पुढे ढकलता येईल का, असं मला दोनदा विचारलं.

आता उरलेल्या तक्रारी. बसायची जागा अडचणीची आहे. भिंतीला लावलेली फळी आणि चौदा स्टुलं, पाठीला टेकायला काही नाही, आणि गुडघे दुखणाऱ्याने त्या उंच स्टुलावर चढायचं कसं हा प्रश्नच. आईसाठी मालकांनी आतून साधी खुर्ची आणली, पण ती कोपऱ्यात पिठाच्या पोत्यांशेजारी. फलक सगळे जपानीत, चित्र एकही नाही. लहान मूल घेऊन जायचं तर त्या उकळत्या टाकीला कसलंही कुंपण नाही, हे लक्षात ठेवा. मुलाला आधी बसवून एकाने रांगेत उभं राहावं. आणि पावणेदोनच्या वाळक्या वेटोळ्यांचं मी विसरलेले नाही.

रविवारी बंद. सकाळी साडेसातला उघडतं. खाऊन झालं की ट्रे स्वतः खिडकीशी न्यायचा, उरलेला रस्सा तिथल्या बादलीत, वाडगा डावीकडे, चॉपस्टिक उजवीकडे, आणि आत कुणी दिसो न दिसो, “गोचिसोसामा”, म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणायचं. आईने हा शब्द गाडीत पाठ केला होता. खिडकीशी पोचली आणि ऐन वेळी विसरली. मग वाडगा ठेवून तिने आत वाकून दोन्ही हात जोडले. आतून मालकांनी पीठ लागलेले हात जोडले, आणि पुन्हा कणकेवर चढले.